राखेच्या पाण्यातल्या शेंगा

मी डॉक्टर नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आयुष्यभर लोक मला डागतर म्हणाले आणि मी एकालाही दुरुस्त केलं नाही. मी पशुवैद्यकीय केंद्रातला स्टॉकमन होतो. खरे डॉक्टर तालुक्याला बसायचे. मी सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून खेडी फिरायचो, लस टोचायचो, जंताचं औषध पाजायचो आणि संध्याकाळी रजिस्टर भरायचो. सगळी नोकरी यातच गेली. आता गुडघे कुरकुरतात, आणि कुणी जनावराबद्दल विचारायला आलं की मला आधी कंटाळा येतो, मग त्या कंटाळ्याची लाज वाटते.

भाषावार प्रांतरचनेत आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला तेव्हा मी शाळेत उर्दूतून शिकत होतो. नोकरी लागली ती कन्नडमध्ये, आणि घरी आम्ही मराठी. लोक कौतुकानं म्हणायचे की याला तीन भाषा येतात. खरं तर तिन्ही अर्ध्याच येतात. पण खात्याचं कन्नड पत्रक वाचून गावाला मराठीत समजावून सांगणारा मी एकटाच होतो, आणि त्याचा मला चांगलाच माज होता.

आमचं गाव दुबलगुंडीच्या पलीकडे, केंद्र चिटगुप्प्याला. रोज सायकलनं जाऊन-येऊन. घरात मी, माझी बायको आणि माझे वडील, म्हणजे अप्पा. अप्पांकडे बैलांची एक जोडी होती, देवणी जातीची. आमच्याकडे ही जनावरं रंगावरून ओळखतात. पांढऱ्या अंगाचा आणि काळ्या तोंडाचा तो वानेरा, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला तो शेवेरा. अप्पांची जोडी एक वानेरा आणि एक शेवेरा अशी होती. दोघं तिफणीला जुंपले की अप्पांना हातात चाबूक घ्यावा लागत नसे. जोडी जगली तर पेरणी, नाही तर वावर पडीक, एवढा साधा हिशेब होता.

बाहत्तरचा पाऊस गेला आणि पुढचा उन्हाळा उरावर बसला. कडबा संपला. तुरीचं भुसकट संपत आलं. लोक झाडांवर चढले. आधी पिंपळ आणि उंबर खरडले, मग बोरीचा पाला काठीनं झोडपून गोळा केला, मग कडुनिंबही सोडला नाही. वैशाखात गावाभोवतीची झाडं बोडकी उभी होती. हिरवं असं काही उरलं असेल तर ते बाभळीवर, आणि बाभळीखाली पडलेल्या राखाडी शेंगा. त्या वर्षी बाभळींना शेंगा मात्र मुबलक आल्या होत्या.

अप्पांची शेंगा घालायची एक पद्धत होती. शेंगा गोळा करून आणायच्या, रांजणात टाकायच्या, वर चुलीची राख दोन सुपं, मग बुडेपर्यंत पाणी. एक दिवस तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ते तांबडं-काळं पाणी ओतून द्यायचं, शेंगा उन्हात वाळवायच्या, दगडानं ठेचायच्या आणि पाल्यात मिसळून बैलापुढे दोन ओंजळी टाकायच्या. दोन दिवस द्यायच्या, तिसऱ्या दिवशी खाडा. त्या दिवशी नुसता पाला, मिळाला तर. मी लहान असल्यापासून हे बघत होतो आणि म्हणूनच त्यात काही अर्थ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. एकदा विचारलं होतं तर अप्पा म्हणाले, "तुरट हाय ते. पोट आवळतंय." यापलीकडे त्यांच्याकडे स्पष्टीकरण नव्हतं आणि ते नसल्याची त्यांना काही खंतही नव्हती.

त्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला होता. बायका पायऱ्या उतरून खाली जायच्या, वाटीवाटीनं पाणी घागरीत भरायच्या. एक घागर भरायला अर्धी सकाळ जायची. आणि अप्पा त्यातलं पाणी रांजणात, राखेवर ओतायचे. मला बघवत नसे. चिडचिड व्हायची.

त्याच सुमाराला केंद्रात एक पत्रक आलं. बाभळीच्या शेंगा दळून जनावरांना घालाव्यात, त्यात पोषण भरपूर आहे, दुष्काळात हा चांगला खुराक आहे, असं त्यात होतं. 'इतर चाऱ्यात थोड्या प्रमाणात मिसळून' असंही होतं. ते मी वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मारुतीच्या पारावर गाव गोळा झालं तेव्हा मी ते पत्रक मराठीत सांगितलं. फक्त 'थोड्या प्रमाणात' हे शब्द सांगितले नाहीत. मला वाटलं, इतर चारा आहेच कुठे, की हे कशात मिसळा म्हणून सांगू? उपाशी मरण्यापेक्षा पोटभर शेंगा बऱ्या. आणि राखेबद्दल पत्रकात एक अक्षर नव्हतं, म्हणून राख म्हणजे जुन्या लोकांचं खूळ, असंही मी वर ठोकून दिलं. म्हणालो, शेळ्या दिवसभर बाभूळच खातात, त्यांच्यासाठी कोण राख भिजवतं? लोक हसले. मलाही बरं वाटलं.

घरी अप्पा म्हणाले, "शेळी येका झुडपाचं चार पानं खाती आन् फुडं जाती. बैलाला तू पाटीभर घालायलास."

"अप्पा, पत्रकात छापलंय."

"छापलंय व्हय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग काय. तू शिकल्याला हाईस."

रांजण त्यांनी स्वतःच उपडा करून ठेवला. मी जिंकलो असं मला वाटलं.

पुढचे आठ दिवस गावात शेंगांचा सुकाळ झाला. दगडानं ठेचण्यापेक्षा लोक शेंगा थेट पिठाच्या गिरणीत घेऊन गेले. गिरणीवाला आधी नको म्हणत होता, पण त्या उन्हाळ्यात दळायला ज्वारी तरी कुणाकडे होती, म्हणून त्यानं शेंगा दळायला घेतल्या. मग ज्यांच्याकडे थोडीफार ज्वारी होती त्यांच्या पिठात शेंगांचा भुगा उतरला. भाकरी तांबूस पडू लागली आणि एक घास खाल्ला की जिभेवर चामड्यासारखी साय धरायची. गावातल्या बायकांनी माझ्या नावानं बोटं मोडली. माझ्या बायकोनं तर ताटात भाकरी वाढून म्हटलं, "खा. छापलंय त्यात." मी हसत हसत खाल्ली. ती तुरट चव दिवसभर तोंडात राहिली, तरी डोक्यात काही शिरलं नाही.

वानेरा अधाशी होता. शेवेरा जरा निवडून खायचा, पुढ्यातलं टाकून द्यायचा. वानेऱ्यानं स्वतःचं संपवून शेवेऱ्याचंही संपवलं. दहाव्या दिवशी त्याचा रवंथ थांबला. शेण पडेना, पडलं तर काळं, वाळलेलं, लेंडीसारखं. नाकपुडी कोरडी पडली. मी केंद्रातून औषध आणलं, जवसाचं तेल आणलं, नळीनं पाजलं. पोटावर चोळलं. अप्पा एका बाजूनं त्याचं शिंग धरून उभे असायचे आणि मी काय करतो ते बघायचे. चौथ्या दिवशी दुपारी तो बसला तो उठला नाही. मान लांब करून त्यानं एकदा अप्पांकडे बघितलं आणि संपला.

मेलेलं जनावर न्यायला गावातला कातडं कमावणारा म्हातारा आला. त्यानं आणि त्याच्या भावानं वानेऱ्याला गावाबाहेर ओढून नेलं. आमच्याकडे धनी मागे जात नाही, बघू नये म्हणतात. पण मी गेलो. मला बघायचं होतं. नोकरीची सवय, दुसरं काय. अप्पाही माझ्या मागून आले हे मला नंतर कळलं.

म्हाताऱ्यानं पोट उघडलं. आत घट्ट गोळा होता, दळलेल्या शेंगांचा, हातानं फुटेना. त्याच्या पुढचं पोट, ज्यात पडद्यावर पडदे असतात, ते तर पार वाळून गेलं होतं. म्हाताऱ्यानं ते बोटांत धरून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग माझ्यापुढे हात धरला. तळवा तांबडा झाला होता.

"वळखलाव का डागतर?" तो म्हणाला. "माज्या हौदात हेच असतंय. बाबळीची साल, न्हाई तर शेंगा. मेल्याचं कातडं आमी ज्यानं कमावताव, ते तुमी जित्याच्या पोटात घालायलाव."

तो मला टोमणा मारत नव्हता. त्याला जे दिसत होतं ते त्यानं सांगितलं. मी तिथंच खाली बसलो.

अप्पा मागून पुढे आले. त्यांनी म्हाताऱ्याला सांगितलं, "पान लागलं म्हून सांगायचं." पान लागणं म्हणजे साप चावणं. आमच्याकडे सापाचं थेट नाव घेत नाहीत.

म्हातारा म्हणाला, "बरं अप्पा."

परत येताना मी अप्पांना म्हणालो की लोकांना सांगायला हवं. अप्पा वाटेत थांबले. "काय सांगतोस? तू चुकलास म्हून? तुझ्या शबदावर लोकं जनावराला सुई टोचून घ्यायल्यात. आधी लसीचा माणूस आला की म्हशी शेतात लपवायचे. तुझा शबद गेला तर सुई बी गेली. येक बैल गेला माझा. घटसरपाची साथ आली तर गाव जाईल."

मग म्हणाले, "तू बोलू नगंस. गप ऱ्हा."

मी गप्प राहिलो. मला गप्पच राहायचं होतं, हे त्यांना ठाऊक असावं.

त्यानंतरचे दिवस मी विसरू शकत नाही. रोज संध्याकाळी सायकल घराला लावली की मी गोठ्यागोठ्यातून हिंडायचो. निमित्त काहीतरी काढायचो, आणि बघायचो की कुणाचं जनावर रवंथ करत नाही. शेजारच्या अक्काकडे एक म्हैस होती. अक्का विधवा, मूलबाळ नाही, त्या म्हशीवरच तिचं सगळं चालायचं. तिच्या दारात दळलेल्या शेंगांचं पोतं उभं असायचं. मी विचारायचो, "अक्का, शेंगा घालायलीस का?"

"घालायले की, डागतर. तू सांगितल्यावानीच."

आणि म्हैस शांतपणे रवंथ करत असायची. पंधरा दिवस गेले, महिना गेला, गावात एकही जनावर शेंगांनी बसलं नाही. आमचा शेवेराही तग धरून होता. त्याला अप्पा स्वतः घालायचे, मला गोठ्यात फिरकू द्यायचे नाहीत. मला वाटायचं, रागावलेत.

माणसाचं मन किती पटकन वाट काढतं, हे मी तेव्हा बघितलं. महिनाभरात मी स्वतःला पटवलं की वानेरा आधीच अशक्त असणार. त्याला जंत असतील. चिंधी गिळली असेल. शेंगांमुळेच मेला असता तर अक्काची म्हैस कशी जगली? गावातली सगळी जनावरं कशी जगली? म्हातारा कातड्यातला जाणकार, बैलातला नव्हे. असं करत करत ते ओझं मी उतरवून ठेवलं.

मग मला दुष्काळी कामासाठी आळंदच्या बाजूला पाठवलं. उन्हाळ्याचा उरलेला काळ मी तिकडच्या खेड्यांत फिरलो. तिथंही पारावर लोक जमायचे, तिथंही मी तेच पत्रक वाचून दाखवायचो. आता माझ्याकडे पुरावाही होता. मी सांगायचो, आमच्या गावात सगळी जनावरं दळलेल्या शेंगांवर जगली, स्वतः बघून आलोय.

तिकडे जनावरं मरत होती. पण ती तर सगळीकडेच मरत होती. एका गावात एकानं मला घरी नेलं. पस्तिशीचा शेतकरी, बोलायला मऊ. त्याचा बैल बसला होता. नाकपुडी कोरडी, शेण काळं आणि वाळलेलं. मी बघितलं. मला तेव्हा कळलं होतं का, हा प्रश्न मी पुढे स्वतःला खूपदा विचारला. उत्तर असं आहे की कळू नये म्हणून मी घाईनं पेटी उघडली. औषध पाजलं, धीर दिला, आणि रजिस्टरात 'अशक्तपणा' लिहिलं. त्या महिन्यात मी तो शब्द इतक्यांदा लिहिला की हात आपोआप लिहायचा.

पाऊस आला. शेजाऱ्यांशी सावड करून, त्यांचा बैल जोडीला घेऊन, अप्पांनी शेवेऱ्यावर पेरणी उरकली. राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं, माझा पगार थोडा वाढला, सायकलची मोपेड झाली. पण त्या वर्षापासून मला एक थकवा लागला तो लागलाच. झोपून जाणारा नव्हता तो.

बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणाला गेलो होतो. तिथं एका तरुण अधिकाऱ्यानं फळ्यावर लिहून सांगितलं की झाडपाल्यात, शेंगांत, सालीत टॅनिन नावाचं द्रव्य असतं. त्यामुळेच चव तुरट लागते. थोडं असलं तर चालतं, जंतावर उलट बरं पडतं. जास्त झालं तर ते चाऱ्यातल्या पोषणाला धरून बसतं, पचू देत नाही, पोट बांधतं. शेळीला झाडपाल्याची सवय असल्यानं तिला ते बैलापेक्षा अधिक सोसतं. आणि मग तो म्हणाला की लाकडाच्या राखेच्या पाण्यात भिजवलं तर हे टॅनिन बरंचसं कमी होतं. मागच्या बाकावर मी वही मिटली.

घरी येऊन अप्पांना सांगितलं. ते तेव्हा थकले होते, ओसरीवर पडून असायचे. मी सगळं समजावलं, राखेपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं आणि चेहरा अगदी साधा ठेवून म्हणाले, "व्हय का?" मग कूस बदलली. त्यावर आमचं कधी बोलणं झालं नाही. दोन वर्षांनी ते गेले.

त्यानंतर सुबाभळीची टूम आली. चाऱ्यासाठी सुबाभूळ लावा, पाला कापा, जनावरांना घाला. खात्यानं रोपं दिली, मी ती गावात वाटली. लोक नेहमीप्रमाणे हो म्हणाले, नेहमीप्रमाणे रोपं घेऊन गेले. एक दिवस मी अक्काकडे गेलो. तिच्या कुंपणाला माझ्या सुबाभळी चांगल्या उंच झाल्या होत्या, पण म्हशीपुढे कडबा होता, आणि त्यावर सुबाभळीची एक लहानशी पेंडी, जेमतेम मूठभर.

"अक्का, एवढंच? मी तर पाटीभर घाल म्हणालो होतो."

अक्का तोवर म्हातारी झाली होती आणि म्हातारपणी माणूस कुणाचीच भीड बाळगत नाही, तसं तिनं माझी भीड बाळगायचं सोडलं होतं. ती हसली. "आता अप्पा न्हाई की रे इचारायला. म्हून बेतानं घालायले."

"अप्पांना काय विचारायचं?"

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. सांगावं की नाही याचा विचार करत असावी. मग म्हणाली, "तू सांगून गेलास की आमी अप्पाला इचारायचो. सगळं गाव. तो वानेरा मेला त्या सांजंलाच अप्पा घरोघर हिंडला. म्हणला, शेंगा बंद करा. घालायच्या तर राखंत भिजवून, दोन ओंजळी, तिसऱ्या दिशी खाडा. आन् डागतराला कळू दिऊ नगा."

मला पाण्याची आठवण झाली. त्या उन्हाळ्यात राखेत भिजवायला पाणी कुठून आणलं, असं मी विचारलं.

"भांड्याचं पाणी. राखंनंच घासताव न्हवं भांडे? ते पाणी कोणी फेकायचं न्हाई, शेंगावर वतायचं. तुझ्या बायकूलाच आदी सुचलं ते."

"आणि दारात पोतं होतं ते?"

"ते तू बघायला यायचास म्हून ठिवलं हुतं."

ती हे सांगताना मजेत होती. तिला वाटत होतं ही एक जुनी गमतीची गोष्ट आहे, बापाच्या मायेची, आणि आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. ती खरंच मायेची गोष्ट होती. मला रडू आलं, आणि ती समजली की मी अप्पांसाठी रडतोय.

घरी येऊन बायकोला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "मग काय करायचं होतं?" ती म्हणाली. "वानेरा गेल्यापासून तू जेवत नव्हतास." आणि खडा काढून बाजूला टाकला.

त्या दिवसांत मला कुणाचाच राग आला नाही, अप्पांचाही नाही. ते जे वाचवायला निघाले होते ते त्यांनी वाचवलं. गावाची जनावरं वाचवली, माझा शब्द वाचवला. पण आळंदकडे मी तो शब्द घेऊन गेलो होतो आणि तिथं माझ्यामागून घरोघर जाणारं कुणी नव्हतं. आमच्या गावात सगळी जगली, असं मी छातीठोक सांगितलं होतं, आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवून पाट्याच्या पाट्या घातल्या होत्या.

आठवडाभरानं रजा काढून मी त्या मऊ बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या गावी गेलो. बाकीच्या गावांची नावंही मला धड आठवत नव्हती, रजिस्टरात शोधायचं धाडस नव्हतं. त्याचं घर सापडलं. त्यानं मला ओळखलं, पाणी दिलं, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. दुष्काळाचा विषय त्यानंच काढला.

"दोन्ही बैल गेले माझे त्या साली. त्यावर शेत दुसऱ्याला कसायला दिलं ते तसंच ऱ्हायलं. पर तुमी आलाव, औषद पाजलाव. दुसरं कोण आलं हुतं? आमी इसरलो न्हाई."

त्याची बायको आतून चहा घेऊन आली. साठीच्या आतली, हडकुळी बाई. कप माझ्या हातात देऊन म्हणाली, "डागतर, लई बारीक झालाव." आणि परत आत गेली.

चहा मी प्यालो. मग त्याला म्हणालो, जरा फाट्यापर्यंत चला. वाटेत सगळं सांगितलं. पत्रकातले गाळलेले शब्द, वानेरा, कातडं कमावणारा म्हातारा, अप्पा, राखेचं पाणी. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. शिव्या ऐकायचीच तयारी करून गेलो होतो.

तो वाटेतच थांबला. मग म्हणाला, "राखच? नुसती राख?"

"राख आणि पाणी. आणि शेंगा थोड्याच."

"राख तर रोज चुलीतून काढून उकिरड्यावर टाकायचो आमी."

फाट्यावर लिंबाच्या सावलीत आम्ही उभे राहिलो. लांबून बस येताना दिसली तेव्हा त्यानं माझ्या दंडाला हात लावला.

"डागतर, येक करा. परत कदी आलाव तर घरात हे बोलू नगा. दुष्काळानं गेले म्हून तिनं सोडून दिल्यालं हाय. ती राख तीच टाकायची."

मी बरं म्हणालो आणि बसमध्ये चढलो.